दत्तारामच्या नावाचा कोड

वाकोल्याच्या गावठाणातला ह्युबर्ट परेरा रोज चर्चमधली पहाटेची मिस्सा आटपून अंधेरीच्या कंपनीत सगळ्यांच्या आधी पोचायचा. गेल्या गेल्या संगणक चालू करून आपल्या नावाने लॉगिन करून ठेवायचा. मागून येणारी मंडळी तशीच बसून कामाला लागायची. पुन्हा लॉगिन करायचा कंटाळा, दुसरं काय! अशाने कंपनीच्या स्वतःच्या युनिक्सचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा, अर्धाअधिक कोड एकट्या ह्युबर्टच्या नावे चढला. तेव्हा कोणाला पडली होती? कोड कुलपात, त्यावरचं नाव वाचतंय कोण!

पुढे ती युनिक्स कोणी विकत घेईना, तेव्हा कंपनीने ती सगळ्यांना खुली करायचं ठरवलं. कोणीही न्यावी, वापरावी, बदलावी. पण दुसऱ्याच्या मालकीचं आपण वाटणार कसं? म्हणून कुठला भाग कोणाचा ते सांगायला निवृत्त ह्युबर्टला परत बोलावलं. कंपनीची वकील दिशा म्हणाली, "अंकल, डिस्क सांभाळणारा भाग तुमच्या नावावर आहे. तुम्ही पगारी, म्हणजे तो कंपनीचा. हो म्हणा, विषय संपला."

"माझा नाही तो," ह्युबर्ट म्हणाला. "दत्तारामने लिहिलाय."

झालं, लागली वाट! दत्ताराम पगारी नव्हता, बाहेरचा माणूस म्हणून येऊन काम करायचा, आणि करार कोणी केलाच नव्हता. म्हणजे कोड त्याचा, आणि तो वारल्यावर त्याच्या बायकोचा, प्रेमाचा. ती नाही म्हणाली तर तो भाग काढून टाकायचा, आणि तो काढला तर संगणक सुरूच होणार नाही. म्हणजे आख्खी मेहनत पाण्यात. ह्युबर्ट गप्प बसता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं त्या माणसाला कधी जमलंच नाही.

ह्युबर्ट मुलुंडला प्रेमाकडे गेला. तिने चहा पुढ्यात ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याला फैलावर घेतलं. "भावजी, त्या कोडापायी ह्यांनी डोळे फोडून घेतले. तो तुमच्या नावावर? आणि आता फुकट वाटणार?"

ह्युबर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो वहिनी. म्हणूनच आलो."

"नेणाऱ्याला तरी कळणार काय, कोणी केलं ते?"

"तीच तर अट आहे. न्या, बदला, विकलंत तरी चालेल. पण लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. कोड जाईल तिथे नाव जाणार."

"कंपनीत त्यांना कोणी कुत्रं विचारीत नव्हतं," प्रेमा म्हणाली. "द्या मग. पण नाव पुरं लिहा. दत्ताराम सीताराम परब."

युनिक्स खुली झाली. सुरुवातीला कोणी फिरकलं नाही. मग सोलापूरच्या एका मुलीचा निरोप आला. दत्ताराम सर, म्हणून सुरुवात. डिस्कने दगा दिला की तुम्ही इतका सुंदर मार्ग काढलाय, तो कसा सुचला ते सांगाल का?

ह्युबर्टने लगेच मुलुंडला फोन लावला. "वहिनी, दत्तारामला एक मुलगी प्रश्न विचारतेय. तो गेलाय हे तिला ठाऊक नाही."

प्रेमा रडत होती, मधेच हसतही होती.

"मगे तिका सांगा सगळा, भावजी," ती आपल्या मालवणीत म्हणाली. "ह्येंनी कधी कोणाक ताटकळत ठेवूक नाय."