ओळ काढली, तरी पान उजवीकडूनच

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं, लिंबू आमच्याकडे फक्त सरबताला लागतं. तेव्हा खाली कमेंटमध्ये शांती-उतारे सुचवू नका, प्लीज!

ब्रॉडबँड आमच्याकडे नुकतं आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायचे आणि उल्हासनगर कॅम्प एकमध्ये वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला होते.

तिथे मोहिनी टीचर आल्या. रिटायर्ड सिंधी शिक्षिका. शाळेतला सिंधी वर्ग बंद पडला, म्हणून बाईंनी आपले धडे इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. त्यांच्या जुन्या, अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. पैसे मुलगा हरेश देणार होता.

आता, अक्षरं ब्राउझर आपोआप उजवीकडून लावतो. पण अख्ख्या पानाची दिशा कोडमध्ये एका ओळीत सांगावी लागते. नाही सांगितली, तर मजकूर डाव्या कडेला चिकटतो आणि पूर्णविराम वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतो. मराठी साइटचाच साचा वापरला होता ना... ती ओळ राहिलीच.

टीचर रागावल्या नाहीत. माझं मनगट धरून बोट स्क्रीनच्या उजव्या कडेला टेकवलं. "हितां, बेटा. इधर से." कॅम्पातल्या प्रत्येक पोराला त्यांनी असंच शिकवलं होतं म्हणे. मी ओळ टाकली आणि पान फिरलं, स्क्रोलबारसुद्धा डावीकडे गेला. म्हातारी टाळ्या वाजवून हसली.

साइट सुरू व्हायच्या आधीच त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं.

मग हरेशभाई आले. "वो उल्टा सिस्टम निकाल दो. आजकल कौन पढ़ता है? दुकान का ऐड बैठता नहीं उसमें."

"सर, टीचर की इच्छा थी..."

"पैसा मैं दे रहा हूँ ना?"

बॉसने मान डोलावली. चरफडत मी ओळ काढली, पान अपलोड केलं, उघडलं — तरी उजवीकडूनच! कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत, साफ केला. सर्व्हरवरची फाइल उघडली. ओळ नव्हती. बदलापूरला मावशीकडे गेले, तर तिथल्या सायबर कॅफेत बघितलं. तिथेही तेच. स्क्रोलबार डावीकडे, पूर्णविराम जागच्या जागी.

हरेशभाई तणतणत आले. "मेरे से होशियारी? नौकरी नहीं करनी क्या?"

"निकाला है, सर. खुद देख लो." घाबरायचं काय? मी त्यांच्यासमोर कोड उघडला. त्यांनी दोनदा पाहिला. मग पहिल्यांदाच ते पान नीट पाहिलं. हा माणूस इंग्लिश मीडियमचा, आईच्या लिपीतलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांचं बोट हळूच वर गेलं आणि उजव्या कडेला थांबलं.

"हितां?" त्यांनी मला विचारलं.

वाचता मलाही येत नव्हतं. पण तेवढं माहीत होतं.

"हां सर. वहीं से."

"रहने दो फिर," म्हणाले आणि तोंड फिरवून निघून गेले.

जाणकारांना विचारलं, तर 'कॅशे असेल' म्हणाले. नव्हता! मग काय होतं? मला आजही ठाऊक नाही. पण भूत म्हणणार नाही म्हणजे नाही.

त्या दिवशी हरेशभाई जिना उतरले तशी मी ती ओळ परत टाकली. आता ते पान उजवीकडून उघडतं, ते मी लिहिलंय म्हणून. त्यासाठी टीचरना पुन्हा कुणाचं मनगट धरायला यावं लागणार नाही.