प्रमिलेला लावलेला फोन

बायकोच्या पहिल्या स्मृतिदिनाला मी तिच्या बहिणीला शिव्या घातल्या आणि त्या सगळ्या गावाने ऐकल्या.

मुद्दाम नाही केलं. मी चौथी शिकलेला माणूस. आर्वीच्या नगरपरिषदेत व्हॉल्वमन होतो. म्हणजे मोठी चावी खांद्यावर टाकून या गल्लीचं पाणी बंद करायचं, त्या गल्लीचं सोडायचं. सुमन गेली तसा मिलिंद, माझा मुलगा, मला इकडे युकॉनला घेऊन आला. कॅनडाच्या नकाशावर वर वर जात राहा. जिथे माणसं संपतात, तिथे आम्ही राहतो.

आमच्या घरी वंदनेला पुढे म्हणायची सुमन, मागून मी. त्रिसरण, पंचशील, एकेक ओळ ती सांगणार आणि मी ती ओढत नेणार. चाळीस वर्षं असं केल्यावर लोकांना वाटतं, ह्याला पाठ आहे. नव्हतं. (सुमनला माहीत होतं. ती श्वास घ्यायला थांबली की मीही थांबायचो.) मिलिंदला माझ्याहून कमी येतं. सून नेहा कानपूरची; ती बिचारी हात जोडून शेवटी 'साधू साधू' म्हणते, तेही आमच्याआधी. म्हणून ठरलं, की सकाळी नऊला, म्हणजे तिकडे रात्री साडेनऊला, मेहुणी प्रमिला आर्वीहून व्हिडिओ कॉलवर पुढे म्हणेल आणि आम्ही मागून.

साडेआठला सुमनच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, आणि इंटरनेट गेलं.

"राउटर रीस्टार्ट करतो," मिलिंद म्हणाला. केला. मग घरचा फोन गेला. मग त्याचा मोबाइल गेला. शेवटी स्वयंपाकघरातल्या रेडिओने सांगितलं, की लांब कुठे रस्त्याच्या कामात खोदायच्या मशीनने केबल तोडली आणि अख्खा प्रदेश मुका झाला.

"केबल एकच आहे?" मी विचारलं.

"एकच, बाबा."

"दुसऱ्या बाजूने लाईन नाही?"

"इट्स कमिंग. कधीपासून नुसतं 'येतेय, येतेय' चाललंय."

"मी असं गाव एका मेन लाईनवर ठेवलं असतं तर साहेबाने मला सस्पेंड केलं असतं."

"बाबा, मला जावं लागेल. ऑफिसात सगळं डाऊन आहे. आईचं संध्याकाळी करू ना."

"संध्याकाळी तिकडे उद्या उजाडलेलं असेल. तुझ्या आईचा दिवस आज आहे."

तो गेला. नेहा किराणा दुकानात मॅनेजर आहे. कार्डं चालणार नाहीत म्हणून ती त्याच्याही आधी पळाली. घरात मी आणि फोटो. वर्षभर रोज त्या फोटोशी भांडलो, त्या दिवशी तोंड वर करवेना. एवढं एकच काम होतं तिचं माझ्याकडे.

रेडिओवर कुणीतरी बाई बोलत होती, "हॅपी बर्थडे ग्रॅमा, औषध घे, पोरं बरी आहेत." हा इथला रिवाज आहे. लोक लांब जंगलात लाकडी खोल्यांत राहतात, तिथे फोन पोचत नाही, म्हणून नातेवाईक गावातल्या रेडिओ स्टेशनवर जाऊन निरोप सांगतात. हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी मला इतकंच कळलं, की सगळ्यांचे फोन बंद असताना ह्या बाईचा आजीला लागला.

स्टेशन आमच्यापासून चार घरं सोडून. कोट, टोपी, बूट चढवले आणि निघालो. तिथली जोॲन मला तोंडओळखीने ओळखते.

"माय वाइफ," मी म्हणालो. "वन इयर. डेड. हर सिस्टर, इंडिया. टॉक."

जोॲनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला खुर्चीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, माइक पुढे ओढला आणि बाहेर जाऊन काचेपलीकडे बसली. लाल दिवा लागला. (मला वाटलं, रिंग जातेय.)

"हॅलो, प्रमिला? मी बोलतो. आवाज येतो का?"

काही नाही.

"प्रमिला, फोन उचलून गप्प काय बसलीस?" मी आवाज चढवला. ट्रंककॉलच्या जमान्यातला माणूस मी. भारत लांब आहे, त्या मानाने ओरडावं लागतं. काचेपलीकडे जोॲनने कानावरचं काढून ठेवलं.

"झोपलीस का? सख्ख्या बहिणीचा दिवस आणि तू झोपलीस, म्हशी! लग्नात माझे बूट लपवले तेव्हा बरी जागी होतीस." तरी उत्तर नाही. मग मला वाटलं, तिला ऐकू जातंय, मलाच येत नाही. अशी लाईन असते. एकीकडून पाणी जातं, दुसरीकडून येत नाही. म्हणून मी सगळं सांगून टाकलं. मिलिंद बोलत नाही, टाइप करतो. सून गुणाची आहे, पण तिच्या डाळीत डाळ शोधावी लागते. मला इथे करमत नाही. आणि प्रमिला, मला वंदना येत नाही, कधीच येत नव्हती, तुझ्या बहिणीने झाकून नेलं.

"बरं, मी सुरू करतो. अडलो तर सांग."

टोपी काढली, हात जोडले. त्रिसरण झालं. एक शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं दारूचं. सुमन ते माझ्याकडे बघत म्हणायची, म्हणून मी ते नेहमी खाली बघून पुटपुटलो होतो. आता तोंडात काहीच नव्हतं.

"प्रमिला, पुढचं सांग."

थांबलो.

"सांग ना गं."

जोॲनला वाटलं, प्रार्थना संपली. तिने हळूच गिटारचं गाणं लावलं. प्रमिलेने मला गाण्यावर टाकलं म्हणून मी आणखी काय काय बोललो (माइक तोवर बंद झाला होता, एवढं नशीब), तोच दुकानाचा एप्रन घातलेली नेहा दारात उभी.

"बाबूजी, ये फोन नहीं है. रेडिओ है."

"म्हणजे प्रमिलेने ऐकलं नाही?"

"उनको छोड़के सबने सुना. पूरे स्टोअर में लगा था." मग एप्रनला हात पुसत, "मेरी दाल पतली होती है?"

नेहाला मराठी बोलता येत नाही, पण निंदा सगळी कळते.

संध्याकाळी मिलिंद म्हणाला, "बाबा, ऑफिसात सगळे म्हणत होते, सो ब्यूटिफुल." पाचवं शील राहिलं हे एकालाही कळलं नव्हतं. सुमनने मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं. मी जेवलो नाही. नेहाला वाटलं, डाळीमुळे.

दुसऱ्या दिवशी केबल जोडली आणि पहिला फोन प्रमिलेचा आला.

"भाऊजी, रात्रभर लावत होते. ताईचं झालं का?"

"झालं."

"पुढे कोणी म्हटलं?"

"मी."

लाईन पुन्हा तुटली असं वाटून मी चार वेळा हॅलो म्हणालो. मग आवाज आला. रडत होती असं लिहायला मला आवडलं असतं, पण प्रमिलेला मी चाळीस वर्षं ओळखतो. हसत होती.