अंगावरचं पित्त

हॉस्पिटलात पेशंटजवळ बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कावीळ झाली आणि आम्ही नाशिकच्या एका हॉस्पिटलात पोटाच्या वॉर्डात मुक्काम ठोकला. लिव्हरमधून पित्त खाली आणणारी नळी बंद. आत खडा आहे की गाठ, ते कळायचं होतं. मी हसायचो सगळ्यांबरोबर, पण आतून पार घाबरलेलो.

*

सुरुवात नुसत्या खाजेने झाली. आईने आमसुलाचं पाणी चोळलं. "अंगावर पित्त उठलंय, दुसरं काय!"

डॉक्टर म्हणाले, "काकू, निदान बरोबर, उपाय चुकला. खरंच पित्त आहे ते. नळी तुंबली, म्हणून रक्तात उतरलंय!"

*

शेजारच्या बेडवर कळवणचे तात्या, तेही काविळीचेच. लघवी कोऱ्या चहासारखी. "आता किडनी बी गेली का काय?" ते रडकुंडीला आले.

"उलट तीच कामाला लागलीय," डॉक्टर म्हणाले. "पित्ताचा रंग आणि आम्लं एरवी आतड्यातून जातात. तो रस्ता बंद, म्हणून लिव्हर त्यांना पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि किडनी बाहेर काढते. पण किती दिवस काढणार?"

तात्या सुनेला म्हणाले, "पाणी आण गं, लय लोड आलाय तिच्यावर!"

डॉक्टरांचं ते 'किती दिवस काढणार' मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

*

तात्यांच्या नळीत स्टेंट बसला. पित्त आतड्यात पोचलं, की पांढरट शौचाला पुन्हा रंग येतो. एका सकाळी सून बाथरूमपासून ओरडत आली, "पिवळी झाली, पिवळी झाली!" अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या.

नुकत्याच ॲडमिट झालेल्या बाई उठून बसल्या. "कोणाची हळद आहे?"

*

अण्णा रक्त येईस्तोवर खाजवायचे. आईने त्यांच्या हातांत पायमोजे चढवले. अण्णा म्हणाले, "असाच मेलो तर यमाचा गोंधळ होईल. पाय कुठले अन् हात कुठले!"

आई हसली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

*

अण्णांच्या स्टेंटच्या आदल्या सकाळी ते शांत पडून होते. मोजे उशाशी. खाज नाही! मी धावत जाऊन पेढे आणले, वॉर्डभर वाटले. राउंडला आलेल्या डॉक्टरांपुढेही बॉक्स धरला. "सर, खाज एकदम थांबली!"

त्यांनी पेढ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नळी अजून बंद आहे. मग थांबेल कशी? लिव्हरने पित्त करायचंच सोडलं, तर थांबते! आणि लिव्हर असं थकलं की माणसाला भ्रम होतो." मग अण्णांवर वाकून माझ्याकडे बोट दाखवलं. "अण्णा, हे कोण?"

अण्णांनी मला नीट न्याहाळलं आणि गोड हसून म्हणाले,

"हे पेढेवाले."