पौषातली वास्तुशांत

"तू नको आत येऊ. बांधावर बस."

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू पिवळाधमक फुललेला. तोडणीला पेठकडच्या बाया आल्या होत्या, रस्त्यावर टेम्पो उभा होता. मी पाटी घेऊन सरीत उतरत होतो आणि काका सगळ्यांसमोर हे बोलला.

मी ऐकूच आलं नाही असं केलं. ते सोंग मला छान जमतं. लहानपणापासूनचा सराव आहे.

"तुला सांगतोय. काकूनं सांगितलं मला, तू बाजूला हाय. देवाची फुलं हायती ती."

आमच्याकडे तशी पद्धत आहे. तोडणी सुरू करायच्या आधी काका बांधावर उभा राहून विचारतो, कोणी बाजूला असेल तर आत्ताच बसा. पाळी हा शब्द उच्चारत नाही. ज्या बाईची असेल ती मुकाट्याने बाहेर येते. झेंडूची रोपं मी लावली. खत, फवारणी, ठिबकचं नळीकाम, सगळं माझं. तेव्हा कोणी विचारत नाही. फूल उमललं की विचारतात.

मी बसलो. उपड्या क्रेटवर. डोक्यावर बारीक कापलेले केस, अंगात वडिलांचा जुना शर्ट, आणि तोडणीच्या बाया माझ्याकडे बघतायत. दोन दिवसांपूर्वी त्यांतलीच हिराबाई मला "भाऊ, पाणी कुठंय" विचारून गेली होती. आता भाऊ बाजूला बसला होता. तिने मान खाली घातली आणि फुलं तोडायला लागली. हसली असती तर बरं झालं असतं.

घरात मी मुलगी म्हणून जन्मलो. मी पुरुष आहे हे मला कळायला फार वेळ लागला नाही. घरच्यांना अजून लागतोय. इंजेक्शनं घेऊन दाढी आणायची तर घर सोडावं लागेल, आणि घर सोडायचं तर मळा सोडावा लागेल. म्हणून रेटत होतो. पण दर महिन्याला अंग उठून सांगायचं, तू कोण ते मी ठरवणार. त्या दिवशी काकाने ते मोठ्याने सांगितलं, इतकंच.

गंमत पुढे आहे. दिवाळीच्या तोडणीला माणसं कमी पडली. काकू माझ्या खोलीत आली, हातात गोळ्यांची पट्टी.

"तुझी तारीख मागंपुढं होती. आजपासून घे. लक्ष्मीपूजनापर्यंत येणार नाय."

"हे काय आहे?"

"आम्ही सगळ्याच घेतो की. गौरीला, लग्नकार्याला."

म्हणजे थांबवता येते. इतकी वर्षं मी उशीत तोंड घालून रडतोय आणि ह्या घरातल्या बायका सणावारी गोळी घेऊन मोकळ्या. देवाला नको असते तेव्हा थांबते. मला नको आहे हे कारण कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, म्हणजे बघा.

ते दिवस कसे गेले सांगू? हलका होतो. मी शिट्टी वाजवत फुलं तोडली. मग भाऊबीजेला पट्टी संपली, मी ऐटीत गोळी बंद केली. बंद केली की दोन-तीन दिवसांत येते, हे काकूने सांगितलं नव्हतं. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात मी पांढरी पँट घालून गेलो होतो. पुढचं सांगत नाही. मंडपातून मागे सरकत सरकत बाहेर पडलो, पाहुण्यांना वाटलं मुलगा फार संस्कारी, वडीलधाऱ्यांना पाठ दाखवत नाही.

मग मी मेडिकलवर जायला लागलो. आपल्या शिवारातलं नाही, शहरातलं. आवाज माझा मुळातच जाड, दुकानदार दादा म्हणायचा. "बहिणीसाठी हवीय. घरी सत्यनारायण आहे." दिली. पुढच्या खेपेला मार्गशीर्षातल्या गुरुवारचं उद्यापन. दिली. त्याच्या पुढे म्हणालो, वास्तुशांत आहे.

दुकानदाराने पट्टी हातात धरून ठेवली.

"पौषात वास्तुशांत? कुठल्या भटजीनं मुहूर्त दिला, दादा?"

खोटं बोलायचं तर पंचांग तरी बघायचं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि त्याचा दादा तिथेच संपला. "हे बघ ताई, महिन्यामागून महिने अशा घ्यायच्या नसतात. डॉक्टरकडं जा." बरोबरच बोलत होता. मागे रांग होती. सगळ्यांनी ताई शोधली, ताई मीच होतो.

डॉक्टरकडेही गेलो. बायकांचा दवाखाना, बाकावर पोट सांभाळत बसलेल्या बायका. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटला आत पाठवा, मिस्टर बाहेर थांबा."

"पेशंट मीच आहे."

बाकावरची कुजबुज थांबली. नंतर दुप्पट सुरू झाली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, का थांबवायची आहे. मी थकलो होतो. पौषातली वास्तुशांत डोक्यात होती. म्हटलं, "मी पुरुष आहे म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आधी घरच्या कोणाला तरी घेऊन ये."

"काकू दर गौरीला थांबवते. तिला कोणी विचारत नाही, घरच्यांना आण म्हणून."

त्यांनी पेन परत उचललं. मग बीपी घेतलं, डोकं दुखतं का, सिगारेट ओढतो का विचारलं, आणि गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या. पाकिटातल्या शेवटच्या वेगळ्या रंगाच्या सोडून द्यायच्या, सरळ पुढचं पाकीट सुरू करायचं. अधूनमधून डाग दिसतील, घाबरायचं नाही, तपासणीला यायचं. कागदावर नावापुढे मात्र कुमारीच लिहिलं. मी ते खोडायचा हट्ट धरला नाही. रोज किती ठिकाणी भांडणार?

सुरुवातीचे महिने डाग दिसले, मळमळलं. मग थांबली. जल्लोष वगैरे नाही. मोटरचा आवाज बंद पडल्यावर कळतं ना, किती वेळ चालू होती, तसं.

वर्षभर एकच चित्र डोळ्यांसमोर होतं. दसरा येईल, काका विचारेल, मी ताठ मानेने म्हणेन "नाही", आणि सगळ्यांत आधी सरीत उतरेन.

दसरा आला. काका बांधावर उभा राहिला, विचारलं. हिराबाई उठली, येऊन क्रेटवर बसली. त्याच क्रेटवर. मी पाटी घेऊन उभा होतो, आणि माझे पाय हलेनात.

"तू का थांबली? तुझं हाय का?"

नाही म्हटलं असतं तर खरं होतं. आत जायला मिळालं असतं. एकटा मी गेलो असतो आणि काकाचा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

"सांगणार नाही," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हणजे विचारायचं नाही. मला नाही, त्यांनाही नाही. रोपं मी लावलीत, मी तोडणार." मग हिराबाईला म्हणालो, "चला, माझ्या सरीत या."

ती उठली नाही. "कामावरून काढतील, हजेरी जाईल माझी, भाऊ," म्हणाली. भाऊ म्हणाली, आणि बसून राहिली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी एकटाच उतरलो. काका अडवायला आला नाही; फुलं तोडून हवी होती त्याला. माझे क्रेट त्याने वेगळे ठेवायला लावले आणि म्हणाला, पुढच्या वर्षी तुझ्या बापाच्या वाट्याच्या सऱ्या वेगळ्या कर, तिथं काय करायचं ते कर.

करणार. त्या सऱ्यांत उतरताना कोणाला काही विचारलं जाणार नाही. हिराबाईला निरोप दिलाय. येईल न येईल.

गोळी रोज सकाळी घेतो, चहाबरोबर, काकूसमोर. कुठलीही पूजा नसते. काकू बघते, काकाला मात्र आता सांगत नाही.

आणि मला पाळी आहे की नाही, हे त्या दसऱ्यापासून काकाला माहीत नाही. माहीत होणार नाही.