दोरीवरच्या दुधाच्या पिशव्या

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घही चुकत असेल. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या ह्यांचा पाय मोडला तेव्हा दवाखान्याचे पैसे वन्संनी भरले. त्या भिंगारात आमच्या शेजारीच राहतात. पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत, पण त्या आल्या की मी बसलेली उठून उभी राहायचे. ते फेडल्याशिवाय मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

सावेडीत मी धुणीभांडी करते. पगार घरातच संपतो. तिथल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर दुधाच्या पिशव्या वजनावर घेतात असं कळलं, म्हणून कामाच्या घरी पिशव्या मागायला लागले. मागताना जीभ अडखळायची.

पहिल्यांदा पोतं भरून नेलं. काट्यावरच्या माणसानं ते उघडलं आणि तो मागे सरला.

"मावशी, आंबलंय हे. धुवून, वाळवून आणा."

मागे स्कूटरवाल्या बायका उभ्या होत्या. मी मान खाली घालून पोतं उचललं. वासामुळे रिक्षावाल्यानं बसू दिलं नाही. भिंगारपर्यंत चालत आले.

तेव्हापासून लोकांची भांडी झाली की घरी येऊन पिशव्या कापायच्या, उलट्या करून धुवायच्या, चिमटे लावून दोरीवर टाकायच्या. पाठ धरायची.

एकदा वन्सं दारातून म्हणाल्या, "व्हय गं, दोरीवर लुगडी कमी न् पिशव्याच लई. गवळ्याचं लगीन हाय का घरात?"

हे हसले. मीही हसले आणि आत गेले.

केंद्रावर मिळालेले पैसे मी महिन्याला वन्संच्या हातात ठेवायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हे कुठनं आणतीस?"

मी दोरीकडे बघितलं. त्या पैसे घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर मी न टाकलेल्या पिशव्या दोरीवर होत्या. धुतलेल्या, उलट्या केलेल्या. मग तसं रोजच व्हायला लागलं.

गेल्या आठवड्यात शेवटच्या नोटा दिल्या.

"ह्यात माज्याबी पिशव्यांचे हायेत की," वन्सं म्हणाल्या.

"हायेत."

त्यांनी नोटा न मोजताच कनवटीला लावल्या. आत घरची भांडी तशीच पडली होती. मी ओट्यावर त्यांच्याशेजारी पाय पसरून बसले. त्यांचे सगळे पैसे फिटले होते.