विहिरीवरची निळी चिंधी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. कतारमध्ये मेसईदच्या एका खत कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. आमच्याकडे काही बिघडलं की कारण सापडतंच — कुणीतरी व्हॉल्व्ह उघडा ठेवलेला असतो आणि कुणीतरी त्याबद्दल खोटं बोलत असतो. या ग्रुपवर अनुभव टाकणाऱ्यांच्या मी बऱ्याचदा वाकड्यात शिरलोय, जुने मेंबर ओळखतील. आता माझी पाळी. खुशाल हसा.

आम्ही वसईचे कॅथलिक. दोह्यात अबू हमूरला एका कंपाउंडमध्ये आई आणि मी राहतो. आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ज्या बाळाची शीर कुणाला सापडत नाही ते तिच्याकडे आणतात. धाकटी बहीण रोशेल मँचेस्टरला शिकते. बाबा गेल्यापासून तिचं शिक्षण आईच्या नोकरीवर चाललंय, म्हणजे खरं तर आईच्या उजव्या हातावर.

ईस्टरच्या सुट्टीत रोशेल घरी आली. त्याआधीच्या लाँग वीकेंडला ती मैत्रिणींबरोबर आयर्लंडला जाऊन आली होती. भाड्याची गाडी, पाऊस, मेंढ्या, हजारभर फोटो. एका शेतात त्यांना जुनी पवित्र विहीर दिसली. शेजारच्या झाडावर नुसत्या चिंध्या बांधलेल्या — रुमाल, मोजे, लेस, काय वाट्टेल ते. आता आमच्याकडे सणाला चर्चमध्ये गेलं की मूर्तीला लावलेली फीत मनगटाला बांधायची, मूर्तीपुढचं फूल घरी आणायचं, अशी पद्धत. देवाच्या दारातून रिकाम्या हाताने येणं आईला खपत नाही. म्हणून रोशेलने आईसाठी एक निळी चिंधी झाडावरून सोडून आणली. तेव्हा गेटवरून एक माणूस ओरडत होता. पोरींना वाटलं, गाडी चुकीची लावली म्हणून ओरडतोय. पळाल्या.

आईने चिंधीचं चुंबन घेतलं आणि उजव्या मनगटाला बांधली. "माझी पोर एवढ्या लांबून आशीर्वाद घेऊन आली," म्हणाली.

ती चिंधी ओली होती. वाळेचना. दोह्यात बाल्कनीत जीन्स टाकली तर चहा होईपर्यंत वाळते, आणि ही टीचभर चिंधी कायम ओली, बर्फासारखी गार. दोन-चार दिवसांत आईचा हातही तसाच गार पडायला लागला. मग बोटं मिटेनात. हातातून चमचा पडायचा. मी सरळ कात्री घेतली, चिंधी कापून काढली आणि रोशेलवर खेकसलो, "कुठली घाण उचलून आणलीस? फंगस असेल, काय असेल. डोकं आहे का तुला?"

"दादा, चिल. इट्स जस्ट कॉटन," ती म्हणाली. मराठी सगळं कळतं बाईसाहेबांना, उत्तर मात्र इंग्लिशमध्येच.

चिंधी काढूनही हात सुधारला नाही. हॉस्पिटलने नसा तपासल्या, एमआरआय केला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. मला तर त्या चिंधीचा रागच आला होता. ड्रायरमध्ये टाकली — ओली. भर दुपारी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, जिथे हात टेकवत नाही — संध्याकाळी गाडीखाली थेंब पडत होते. कारण सापडेना, आणि कारण सापडलं नाही की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांवर ओरडत होतो. रोशेल खोलीतून बाहेर येईना.

तिकडे वॉर्डात आईला आधी हलकं काम दिलं, मग रजा दिली. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायची वेळ आलेली. सुई धरता न येणारी नर्स कोण ठेवणार? आईने कुणाला बोलून दाखवलं नाही. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या वारी, चर्चमधल्या मासवरून आलो, जेवलो, आणि तिने मला किचनमध्ये बोलावलं. टेबलावर कॅन्युलाची सुई, स्पिरिट, कापूस.

"नेल्सन, बाही वर कर. मला बघू दे जमतंय का."

मी हात पुढे केला. सुई तिच्या बोटांतून दोनदा निसटली. तिसऱ्या वेळी तिने सुई उचललीच नाही. त्याच उजव्या हाताने, ज्याला चमचा धरवत नव्हता, तिने माझं मनगट पकडलं. असं दाबलं की मी खुर्चीतून उठलो. मी सोडवतोय, आई डाव्या हाताने स्वतःचीच बोटं उचकटतेय आणि हळू आवाजात म्हणतेय, "मी नाही रे... मी नाही करत हे." मग एकदम पकड सुटली. आई जमिनीवर बसून रडायला लागली. माझ्या मनगटावर काळेनिळे वळ उठले. आईचा पंजा लहान आहे, तिच्या बांगड्या रोशेलला होत नाहीत. ते वळ एखाद्या दांडग्या पुरुषाच्या पंजाचे होते.

मला आईची भीती वाटली. स्वतःच्या आईची.

दुसऱ्या दिवशी आईच्या वॉर्डातली नोरा केक घेऊन भेटायला आली. आयरिश आहे, वयस्कर, एरवी खूप गप्पिष्ट. सिंकवर ठेवलेली चिंधी तिने पाहिली आणि केक हातातच राहिला. बस म्हटलं तर बसेना.

"ही कुणी आणली?" तिने इंग्लिशमध्ये विचारलं. रोशेलने सांगितलं. नोराचा चेहरा असा कडक झाला की मला वाटलं, ही आता पोरीच्या थोबाडीत मारणार. "तुम्ही लोक झाडावरून काढून घेता? आम्ही तिथे आशीर्वाद बांधत नाही. आजार बांधतो. दुखऱ्या जागी कापड लावायचं, झाडाला बांधायचं. कापड कुजत जातं तसा आजार जातो. जो ते सोडून स्वतःच्या अंगाला बांधतो, त्याला तो लागतो."

"ड्रायरमध्येही वाळली नाही. जाळून टाकू का?" मी विचारलं.

"वाळत तर नाही, जाळणार कशी?" ती म्हणाली. "जिथून आणली तिथे बांधा." आणि केक न ठेवताच निघून गेली. परत आमच्या घरी आलेली नाही.

रोशेलला तसंही परत जायचं होतं. आयर्लंडचा व्हिसा अजून चालत होता. तिने सुट्टी अर्धी टाकली आणि प्लास्टिकच्या पिशवीत चिंधी घालून गेली. मँचेस्टरहून परस्पर आयर्लंडला.

तिने फोनवर सांगितलं ते असं. गेटवर तोच माणूस होता. मागच्या वेळी ओरडताना त्याचा उजवा हात अंगाशी नुसता लोंबत होता, हे त्याला बघून तिला आठवलं. आता त्याच हाताने तो हातोडी घेऊन गेटला खिळे मारत होता. पिशवीतली चिंधी बघून थांबला. "मी ओरडलो होतो तुम्हाला," म्हणाला. रोशेल रडायला लागली. आई नर्स आहे, बाळांना सुया देते, सगळं सांगून टाकलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मूठ मिटली, उघडली, परत मिटली. मग हातोडी डाव्या हातात घेतली.

"बांध," म्हणाला. "आणि परत इथे येऊ नकोस."

त्या दुपारी मी घरीच होतो. किचनमधून आईने हाक मारली. पातेलं उजव्या हातात धरून उभी होती, चहा गाळत होती, आणि हसत होती. आता ती पुन्हा वॉर्डात आहे. कॉन्ट्रॅक्ट झालं. माझ्या मनगटावरचे वळ गेले.

कारण मला सापडलेलं नाही. शोधायचं मी सोडलंय. कुणाकडे काही असेल तर सांगा, पण 'योगायोग' म्हणणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसा.

गेटवरच्या माणसाबद्दल आम्ही आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, चिंधी झाडावर गेली म्हणजे सगळ्यांचंच भलं झालं. दर शुक्रवारी चर्चमध्ये ती त्या अनोळखी आजारी माणसासाठी मेणबत्ती लावते आणि घरी आल्यावर विचारते, "ज्याची होती ती चिंधी, तो बरा असेल ना रे आता?"

मी हो म्हणतो, आणि तिने उजव्या हाताने पुढे केलेला चहाचा कप घेतो.