नवमीचं पान

द्वारकाबाईंना खोटं बोलता यायचं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बोलायच्या भरपूर, पण जमायचं नाही. काल काय सांगितलं ते आज आठवायचं नाही, आणि घरात तनुजासारखी पोरगी, जिला तीन दिवाळ्यांपूर्वी चकल्या का बिघडल्या हेसुद्धा तोंडपाठ. अशा घरात एक गोष्ट सतरा वर्षं दडून राहिली, हेच मुळात नवल.

कर्वेनगरात कॉलेजच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिथल्या स्वयंपाकघरातून सकाळी चाळीस आणि संध्याकाळी तीस डबे बाहेर पडायचे. डबे खाणारी सगळी बाहेरगावची पोरं. एखाद्याने ‘काकू, काल मीठ कमी होतं’ म्हटलं, की ‘बरं झालं सांगितलंस, उद्या येताना घेऊन ये’ हे उत्तर ठरलेलं. चौदा वर्षांत एकदाही डबा चुकला नव्हता. नवरा, जयसिंगराव, हिंजवडीला एका कंपनीची बस चालवायचे. माणूस सज्जन, पण घरात काही अवघड निघालं की त्यांना नेमकी ड्युटी आठवायची.

आता ती गोष्ट. तनुजा द्वारकाबाईंच्या पोटची नव्हती. जयसिंगरावांची पहिली बायको दीपमाला, चोवीस वर्षांची, डेंग्यूने पाच दिवसांत गेली. पोर तेव्हा आठ महिन्यांची. वर्ष व्हायच्या आत द्वारकाबाई लग्न होऊन मांजरीच्या घरी आल्या, आणि उंबरठा ओलांडून दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांनी सासूला, आनंदीबाईंना, अट घातली, “आत्याबाई, पोरीला हे कधी कळता कामा नये. तुम्हाला माझी शपथ आहे.”

ही अट काही उगाच नव्हती. द्वारकाबाई स्वतः सावत्र आईच्या हाताखाली वाढल्या होत्या. ती बाई वाईट नव्हती हो! चार बायांसारखी होती. पण तिने आवाज चढवला की शेजारणी दारात यायच्या. पोरीच्या डोक्याला तेल नसलं तर गावभर चर्चा, आणि तेल थापलं तर ‘बघा, दाखवण्यापुरतं करते’. सख्ख्या आईने धपाटा घातला तर तो धपाटा, हिने घातला तर छळ. शेवटी शेवटी ती बाई द्वारकेला रागवायचीच बंद झाली, आणि रागावत नाही म्हणूनही लोकांनी तिलाच नावं ठेवली. सावत्र हा शब्द आपल्या अंगाला चिकटू द्यायचा नाही, हे द्वारकाबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं.

मग त्यांनी पद्धतशीर काम केलं. दीपमालाचे फोटो आनंदीबाईंच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी गेले. पोरीचा जन्मदाखलाही तिथेच. नवऱ्याची ड्युटी लांब पडते म्हणून बिऱ्हाड मांजरीहून कर्वेनगरला हललं. शाळेत आईच्या नावापुढे त्यांनी ‘द्वारका’ सांगितलं, आणि कारकुनाने मान वर न करता लिहून घेतलं. ताकास तूर लागू दिली नाही म्हणतात, तसं सगळं चोख होतं.

फक्त एक पान त्यांना झाकता आलं नाही.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवरा असताना गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. पहिली बायको गेली असेल तर हे दुसरीने करायचं, नाहीतर पहिली अडून बसते, असं द्वारकाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्या दीपमालाला घाबरत होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना तिची लाजही वाटत होती. तिचा संसार घेतला, तिची पोर घेतली, नावसुद्धा पुसून टाकलं, आता वर्षातून एक पानही वाढायचं नाही? एवढा निर्दयपणा त्यांच्याच्याने झाला नाही. म्हणून दर नवमीला पुरणाचा स्वयंपाक व्हायचा आणि वरच्या मजल्यावरच्या आगाशे काकू जेवायला यायच्या. काकूंची सत्तरी उलटलेली, काका ठणठणीत, म्हणजे सवाष्ण पक्की. तनुजा ओटीचं ताट धरून उभी राहायची, काकूंच्या पाया पडायची. लहानपणी तिला वाटायचं, हा एक सण आहे.

या वर्षी काकू दुसरी पोळी संपवत म्हणाल्या, “अहो द्वारकाबाई, बारा वर्षं जेवतेय तुमच्याकडे. कोणाच्या नावाने जेवतेय तेवढं तरी कळू द्या. उगाच भलतीलाच पोचायचं.”

“आमच्या मोठ्या जाऊबाई होत्या,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“पप्पांना भाऊ नाहीये,” तनुजा म्हणाली.

“चुलत जाऊ गं!”

“चुलत जावेचं आपण का करायचं? त्यांच्या घरचे कुठे गेले?”

काकूंनी वरणाची वाटी पुढे ओढली आणि त्या खाली बघून जेवू लागल्या. आपण काय फोडलं ते त्यांना कळलं असावं. द्वारकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झालं. पोरगी मागे लागली. सहज विचारल्यासारखं विचारायची, पण त्याच त्या जागी बोट ठेवायची. “आई, देव्हाऱ्यात पाच टाक आहेत. खंडोबा, भवानी, जोतिबा, वेताळ कळले. ही पाचवी बाई कोण?” द्वारकाबाई म्हणाल्या, सटवाई. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा म्हणाल्या, मरीआई. तनुजाने नुसतं बघितलं. तो पहिलीचा, दीपमालाच्या नावाने करून घेतलेला टाक होता. खरं तर दुसरीने तो गळ्यात घालायचा असतो, पण गळ्यात दिसला असता तर कोणीही ओळखलं असतं, म्हणून त्यांनी तो देवांत नेऊन बसवला होता.

मग एके दिवशी फोटो निघाले. “माझा सगळ्यात जुना फोटो वर्षाच्या वाढदिवसाचा आहे. त्याआधीचा एकही नाही?”

“तेव्हा कुठे होते गं फोन.”

“आई, मी काय शिवाजी महाराजांच्या काळात जन्मले का?”

जयसिंगरावांना तिने जेवताना गाठलं. त्यांनी ताटावरून न उठता हात वर केले आणि म्हणाले, “मला काही विचारू नकोस, मला पहाटे निघायचंय.” असं उत्तर दिल्यावर कोणाला संशय येणार नाही? द्वारकाबाईंना त्या रात्री नवऱ्याच्या पाठीत एक घालावासा वाटला.

त्यांना झोप लागेना. पोळ्या लाटताना मनात एकच चालायचं. कळल्यावर पोरगी आपल्याला काय म्हणेल? आईच म्हणेल, की मावशी, की काहीच नाही? काहीच न म्हणणं त्यांना सगळ्यात वाईट वाटत होतं. त्यांनी दुसरं मूल होऊ दिलं नव्हतं. जे होतं ते हे एवढंच.

गुरुवारी तनुजा ‘प्रॅक्टिकल आहे’ म्हणून सकाळीच गेली. कॉमर्सला कसलं आलंय प्रॅक्टिकल! दहाच्या सुमारास आनंदीबाईंचा फोन आला. सासूबाई फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या, आज मात्र कुजबुजत होत्या.

“द्वारके, पोरगी हितं आलीया. ओसरीवर बसून ऱ्हायलीया. म्हनती, आजी, खरं सांग, न्हाईतर मी हलत न्हाय. काय सांगू गं? तू शपथ घातल्याली हाय.”

द्वारकाबाईंच्या हाताला कणीक होती. चाळीस डबे उघडे मांडलेले, भाजी झालेली, पोळ्या निम्म्या राहिलेल्या. ‘चुलत जाऊच म्हणा’ असं सांगता आलं असतं. म्हातारीने ते म्हटलंही असतं. मग पोरगी अजून कुठे कुठे विचारत फिरली असती, आणि कुठल्यातरी परक्या तोंडून, तिखटमीठ लावून, तिला कळलं असतं.

“काही सांगू नका,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी येते. मीच सांगते.”

त्यांनी मुलांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आज डबा नाही.’ लगेच सतरा जणांनी विचारलं, काकू बऱ्या आहात ना? उत्तर न देता त्यांनी बस धरली, हडपसरला बदलली, आणि मांजरीच्या घरी पोचल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. घराच्या तिन्ही बाजूंना आता इमारती झाल्या होत्या, मागे तेवढा उसाचा एक तुकडा राहिला होता. तनुजा ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आनंदीबाईंनी पुढे ठेवलेला चहा ती प्यायलीच नव्हती.

द्वारकाबाई चपला न काढताच बोलल्या. वाटेत केलेली सगळी जुळवाजुळव फुकट गेली.

“ते पान तुझ्या आईचं आहे. दीपमाला नाव होतं. तू आठ महिन्यांची असताना गेली. मी नंतर आले.”

तनुजाने पोटाशी घेतलेले पाय खाली सोडले. मग म्हणाली, “फोटो?”

आनंदीबाई आत जाऊन ट्रंकेच्या तळातला एक फोटो घेऊन आल्या. फोटोतली बाई हसत होती, तिची हनुवटी थेट तनुजाची. पोरीने तो फोटो दोन्ही हातांत धरला आणि ती रडायला लागली. द्वारकाबाई पुढे झाल्या तर तिने हातानेच थांबवलं.

“दरवर्षी मला ताट धरून उभं करायचीस. पाया पड म्हणायचीस. कोणाच्या, ते सांगितलं नाहीस. लोक तुला सावत्र म्हणतील म्हणून माझ्या आईला कोणी काहीच म्हणायचं नाही? ती नव्हतीच?”

“चुकलं माझं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“तिला काय आवडायचं खायला?”

द्वारकाबाईंनी सासूकडे बघितलं. आनंदीबाई म्हणाल्या, “वांग्याचं भरीत न् भाकर. पुरन बघितलं की तोंड फिरवायची.” एवढी वर्षं त्यांनी त्या बाईला नको तेच वाढलं होतं. द्वारकाबाई चपला काढून ओसरीच्या कडेला बसल्या.

एवढ्यावर निभावलं असतं. पण अजून एक गोष्ट होती, जी आनंदीबाईंनाही ठाऊक नव्हती, आणि ती गिळून टाकणं आज द्वारकाबाईंना जमलं नाही.

“तुझी तिकडची आजी, दीपमालाची आई, आली होती. तू चार वर्षांची असताना, कर्वेनगरला. फ्रॉक घेऊन आली होती. मी तिला दारातून परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. तू आत झोपली होतीस.”

“बया! अगं, काय केलंस हे!” आनंदीबाई म्हणाल्या.

तनुजाने डोळे पुसले. “आहे ती?”

“सुशीलाबाई? हाय की. दौंडला, लेकापाशी,” आनंदीबाई म्हणाल्या. “दिसत न्हाय आता तिला.”

तनुजा उठली, फोटो पिशवीत ठेवला आणि द्वारकाबाईंच्या समोर येऊन उभी राहिली. “रविवारी दौंडला जायचं. तू पण यायचं. मी आत जाईन, तू दारात थांबायचंस. त्यांनी बोलावलं तरच आत यायचं. नाही बोलावलं तर तिथेच उभी राहायचीस, कितीही वेळ लागला तरी.”

“राहीन,” द्वारकाबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये तनुजा पुढच्या सीटवर जाऊन बसली, द्वारकाबाई तिच्या मागे. हडपसरपासून तासभर पोरीने मान वळवली नाही. तिला हाक मारायची वेळच आली नाही, आणि ती काय म्हणून हाक मारते, द्वारकाबाई तेवढ्याचीच वाट बघत बसल्या होत्या. तनुजाच्या शेजारी एक जाडजूड बाई होत्या, भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या. गप्प बसवेना म्हणून त्यांनी एकदा पोरीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, एकदा मागे बघितलं आणि विचारलं, “मायलेकी का?”

“सावत्र आहे,” तनुजा स्पष्ट म्हणाली.

सगळ्या बसला ऐकू गेलं. द्वारकाबाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला. भाजीवाल्या बाई पूर्ण मागे वळल्या, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून पुन्हा पुढे झुकल्या आणि आवाज दबका करत म्हणाल्या, “अगं बाई! छळते का गं?”

तनुजाने थोडा विचार केला.

“खोटं बोलते,” ती म्हणाली. “बाकी ठीक आहे.” आणि मान वळवून, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “आई, ऊठ, पुढचा स्टॉप आपला. संध्याकाळचे डबे तरी वेळेवर करायचे आहेत ना?”

द्वारकाबाई उठल्या, आणि भर बसमध्ये, कंडक्टरच्या देखत, हमसून हमसून रडायला लागल्या. तेव्हा मात्र भाजीवाल्या बाई तनुजाकडेच संशयाने बघू लागल्या.